लेकरू सांभाळणाऱ्या बाईचाही दर ठरवा
(कामठ्याच्या ग्रामसभेला खुले पत्र)

प्रति,
सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रामसभेचे सर्व मतदार,
कामठा, जिल्हा गोंदिया

विषय : लेकरं सांभाळायला बाहेरगावी जाणाऱ्या गावातल्या बायांसाठी पगाराचा दर आणि कामाच्या अटी ठरवणारा ठराव



पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर वरचा विषय घ्यावा, एवढीच मागणी आहे. साधा अर्ज देऊन भागलं असतं. पण अर्ज फायलीत जाऊन बसतो, आणि हा विषय चारचौघांत बोलल्याशिवाय पुढं सरकणारा नाही. म्हणून उघड लिहिते आहे.

धानाच्या रोवणीचे दिवस आले की आपल्याकडे काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. बांधीत पाय टाकायच्या आधी मजुरी ठरते. रोजानं यायचं की ठेक्यानं, ठेका असेल तर एकराचा भाव काय, परे (रोपं) कोणी काढायचे, शेजारच्या गावी जायचं तर गाडी कोणाची, चहा कोणाचा, सगळं बोलून होतं. शेतकरी कुरकुरतो, बाया हटत नाहीत, आणि दोन दिवसांत गावभर एकच दर होतो. एखादी कमी दरानं गेलीच तर बाकीच्या तिला तोंडावर बोलून दाखवतात. यासाठी कुठला कायदा लागला नाही, की तहसीलदार लागला नाही.

यातलीच एखादी बाई नागपूरला, रायपूरला किंवा पुण्याला लेकरू सांभाळायला निघाली की तिला विचारून पाहा. सकाळी किती वाजता उठायचं? रात्री लेकरू रडलं तर कोण उठणार? सुटी कधी? पगार कोणाच्या हातात पडणार, तुझ्या की नवऱ्याच्या की नेणाऱ्याच्या? ती म्हणेल, “लोक चांगले आहेत जी. घरच्यासारखं ठेवतील. लेकरूच तं धरायचं आहे.” चिखलात वाकायचा भाव जिला तोंडपाठ, तिला लेकराच्या उशाशी जागायचा भाव माहीत नसतो. कारण रोवणीत ती दहाजणींत असते आणि त्या घरात एकटी.

मी याच गावची. काही वर्षं नागपुरात हे काम केलं, आता बचत गटाची वही लिहिते. ज्या घरांत राहिले ती वाईट नव्हती, हे आधीच सांगते. कोणी हात उगारला नाही, उपाशी ठेवलं नाही. तरी काम कसं वाढत जातं ते पाहिलं आहे. ठरलेलं असतं बाळाचं सगळं. मग बाळाच्या कपड्यांसोबत घरच्यांचे कपडे येतात, ओट्यावरची चार भांडी येतात, पाहुणे आले की पोळ्या येतात, आजींचे पाय दाबणं येतं. हुकूम कोणीच करत नाही. “बाळ झोपलंय, तू बसलीच आहेस ना,” एवढंच म्हणतात. दुपारी बाळ झोपलं की मी बसलेली सगळ्यांना दिसायची. रात्री दोनला ते उठलं की मी कोणालाच दिसत नसे.

घरमालकिणीची अडचण मला कळते. २०१७ पासून नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा आहे. सातव्या महिन्यात तिला कामावर हजर व्हावं लागतं. सासू गावी, आई आजारी, पाळणाघर लांब. बाप कितीही भला असला तरी रजा बहुतेक घरांत आईचीच जाते. ती बाईच्या शोधात वेडीपिशी होते आणि मिळेल तिला मिळेल तशी धरून ठेवते. म्हणजे दोन्ही बाजूंना गरजू बायाच. त्यातली एक कमी गरजू, एवढाच फरक; आणि दर ठरवताना तोच फरक पुरेसा होतो.

आता पैशाचं बोलू. रोजगार हमीचा २०२५-२६ चा आपला दर ३१२ रुपये रोज होता. तळ्याची माती उचलायची ही मजुरी. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये पडले. लेकराजवळ राहणारी बाई सकाळी सातला सुरू होते आणि रात्री नऊला लेकरू झोपल्यावर टेकते. हे झाले चौदा तास. पहिल्या आठ तासांचे ३१२ रुपये. उरलेल्या सहा तासांना कारखान्यातल्यासारखा जादा कामाचा दुप्पट दर, म्हणजे तासाला ७८ लावला तर ४६८. दिवसाचे झाले ७८०. आठवड्याला एक सुटी सोडून महिन्याचे २६ दिवस धरा, २०,२८० रुपये होतात. रात्रीचं उठणं यात धरलेलंच नाही. आणि हा दर कसबी कामाचा नाही, माती उचलण्याचा आहे. सहा महिन्यांच्या बाळाचा ताप ओळखणं, उलटी झाली की त्याला कुशीवर घेणं, घशात काही अडकलं तर न घाबरणं, याचा भाव अजून लावायचाच आहे.

यावर लगेच उत्तर येतं, “खाणं-राहणं देतो की.” देतात. पण चोवीस तास बाई घरात हवी, ही गरज घराची आहे. बाईला कामठ्यात घर आहे. खाण्याचे थोडे पैसे वळते करायचे तर करा, पण किती ते आधी सांगा.

दुसरं उत्तर असतं की आम्हाला एवढं परवडत नाही. हे खरं असू शकतं. गोंदियातल्या खासगी दवाखान्यातली नर्स स्वतःच जेवढं कमावते, त्यातून वीस हजार कुठून देणार? तिला मी म्हणेन, तास कमी घे, दर कमी करू नकोस. ड्यूटीपुरते आठ तास बाई ठेव, रात्र स्वतः आणि नवरा मिळून काढा. किलोभर तांदळाचे पैसे असताना पोतं मागून उरलेल्याला ‘आपुलकी’ म्हणायचं, हा व्यवहार आपण दुकानदाराशी करत नाही.

तिसरं उत्तर सगळ्यांत गोड, की मायेचे पैसे कसे मोजायचे? संभाजीराजांना दूध पाजायला कापूरहोळची धाराऊ गाडे होती. तिला वर्षाला २६ होन नेमून दिले होते असं सांगतात. नेमणूक होती म्हणून तिची माया कमी पडली, असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

हा प्रश्न फक्त गरीब घरांचा किंवा फक्त आपल्या जिल्ह्याचा नाही. २०१३ साली न्यूयॉर्कमध्ये काय झालं ते अनेकांना आठवत असेल. भारताच्या तिथल्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे, आपल्या महाराष्ट्राच्या, त्यांना १२ डिसेंबरला अटक झाली. आरोप त्यांच्याकडे लेकरं सांभाळायला नेलेल्या बाईच्या पगाराबद्दल होता. व्हिसासाठी दाखवलेल्या करारात तासाला ९.७५ डॉलर आणि आठवड्याला ४० तास लिहिले होते. सरकारी वकिलांचं म्हणणं असं की, दुसरा एक करार वेगळाच होता. त्यात महिन्याला ३०,००० रुपये होते, म्हणजे तासाला ३.३१ डॉलरच्या आसपास. आरोप त्यांनी नाकारले. मार्च २०१४ मध्ये न्यायालयानं राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर खटला काढून टाकला, दोनच दिवसांत नवं आरोपपत्र आलं. त्या तोवर भारतात परतल्या होत्या, आणि आरोप खरे की खोटे हे कोर्टात कधी ठरलंच नाही. म्हणून त्यावर मी निवाडा देत नाही.

मला बोलायचं आहे ते आपल्याबद्दल. त्या दिवसांत देशभर संताप उसळला तो अधिकारी बाईंच्या अटकेनंतरच्या अंगझडतीवर. दिल्लीत अमेरिकी वकिलातीसमोरचे सुरक्षेचे अडथळे हटवले गेले. अंगझडतीचा राग रास्तच होता. पण इतक्या सगळ्या आवाजात, लेकरं सांभाळणारी बाई दिवसाला किती तास काम करायची, हा प्रश्न आपल्या घरांत किती जणांनी विचारला? उलट तीस हजार आणि वर खाणं-राहणं, अजून काय पाहिजे, असंच जास्त ऐकू आलं. न्यूयॉर्कच्या बाईकडे निदान दाखवायला कागद होता. कामठ्याहून जाणारीकडे तोही नसतो.

कायदा काय म्हणतो, हे विचारलं जाईल म्हणून सांगते. महाराष्ट्रानं २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. १८ ते ६० वयाच्या घरकामगाराला त्यात नाव नोंदवता येतं, आणि ५५ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी १०,००० रुपयांची सन्मानधन योजना आहे. नोंदणी जरूर करावी. पण या कायद्यात पगाराचा दर नाही, कामाचे तास नाहीत, सुटी नाही. शेजारच्या कर्नाटकानं २००४ सालीच घरकामाचं किमान वेतन जाहीर केलं. केरळ, तामिळनाडू, राजस्थान यांनीही केलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १६ जून २०११ रोजी जिनिव्हात घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती त्यात आहे. भारतानं त्याला मान्यता दिलेली नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला सांगितलं की, घरकामगारांसाठी कायदा करता येईल का ते पाहायला समिती नेमा. समित्या बसतील आणि उठतील. तोवर आपल्या बाया गाडीत बसतच राहणार.

एका कायद्याची मात्र प्रत्येक बाईला माहिती हवी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरालाही कामाचं ठिकाण मानतो आणि घरकामगार बाईचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची असते. आरोपात तथ्य दिसलं तर समितीनं सात दिवसांत प्रकरण पोलिसांकडे पाठवायचं असतं. हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायला किती खर्च येईल?

बाकी जे काही मिळालं आहे ते बायांनी एकत्र येऊन मिळवलं आहे. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी आपणहून काम बंद केलं. आधी ना संघटना होती ना पुढारी; पुणे शहर मोलकरीण संघटना त्यातून पुढं उभी राहिली. आपल्याकडे नागपुरात संस्कृतच्या प्राध्यापक डॉ. रूपा कुलकर्णी यांनी विदर्भ मोलकरीण संघटना बांधली आणि घरकामगारांच्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. पण धुणंभांडी करणारी बाई सकाळी चार घरं फिरते, जिन्यात दुसरीला भेटते, भाव विचारते. लेकरू सांभाळणारी चोवीस तासांची बाई जिन्यातसुद्धा येत नाही. आली तरी कडेवर लेकरू असतं. तिला संघटनेपर्यंत पोचवायचं तर गावातून निघायच्या आधीच पोचवायला हवं. म्हणून मी नागपूरच्या महापालिकेला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

ठरावात काय असावं, ते माझ्या मते असं. जाणाऱ्या प्रत्येक बाईसोबत एका पानाचा मराठी किंवा हिंदी कागद असावा, दोन प्रतींत, दोघांच्या सह्यांचा. त्यावर तास असावेत. लेकराशेजारी झोपणं हे काम आहे, हे त्यात असावं. ज्या रात्री तीनदा उठावं लागलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तिला झोपू द्यावं. काम कोणतं ते लिहावं : बाळाचं खाणं, अंघोळ, कपडे, बाटल्या, त्याची खोली, त्याला फिरवणं. घरची भांडी, पाहुण्यांचा स्वयंपाक, म्हाताऱ्यांची सेवा ही वेगळी कामं आहेत. करायची तर वेगळ्या पैशानं, आणि ‘नाही’ म्हणायची मुभा ठेवून. औषध किती द्यायचं हे आईबापांनी ठरवायचं आणि लिहून ठेवायचं, म्हणजे उद्या काही झालं तर बाईवर ढकललं जाणार नाही. बाळाच्या खोलीत कॅमेरा लावा, हरकत नाही, पण ती झोपते आणि कपडे बदलते तिथे नको, आणि कुठे लावला ते तिला सांगा. तिचा फोन तिच्याजवळ राहील. आधार कार्ड तिच्याजवळ राहील. आठवड्याला एक पूर्ण दिवस सुटी, आणि वर्षातून सलग सुटी जेव्हा तिला हवी तेव्हा. आपल्याकडची बाई दिवाळीत न आली तरी चालवून घेईल, पण मंडईच्या जत्रेला गावात नसली तर वर्षभर हळहळते. शहरातल्या माणसाला हे सांगितल्याशिवाय कळणार नाही.

पगार तिच्या स्वतःच्या बँक खात्यात. ही अट घरमालकासाठी कमी आणि आपल्या घरांसाठी जास्त आहे. वर्षाची उचल आधीच बापाच्या किंवा नवऱ्याच्या हातात पडली असेल, तर बाईला मधेच काम सोडता येत नाही, मग तिथे काहीही होवो. दोन महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त उचल कोणी घेऊ नये असं गावानं ठरवावं. यावर ग्रामसभेत आरडाओरड होईल, मला ठाऊक आहे. होऊ द्या.

आणखी एक गोष्ट कोणीच आधी बोलत नाही. लेकरू मोठं होतं. तीन वर्षांचं झालं की शाळेत जातं, आणि बाईचं काम एका रविवारी संपतं. लेकराला ती आठवडाभर आठवते, तिला ते कित्येक वर्षं आठवतं. त्यावर कागदाचा इलाज नाही. पण महिनाभर आधी सांगणं आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार हातात ठेवणं, एवढं तरी कागदावर येऊ शकतं. अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना अशा ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं. त्याही लेकरंच सांभाळतात.

कागद दोन्ही बाजूंना बांधतो, हेही बायांना सांगावं लागेल. महिनाभर आधी न सांगता गावी निघून यायचं नाही. बाळाचे फोटो स्टेटसला लावायचे नाहीत. त्या घरातलं भांडण गावात येऊन सांगायचं नाही. आणि लेकरावर हात टाकायचा नाही, कितीही रडलं तरी.

मुलींबद्दल मात्र कागद वगैरे काही नको. चौदा वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. मी पुढं जाऊन म्हणते, अठरा पूर्ण झाल्याशिवाय गावातल्या एकाही मुलीला मुक्कामाच्या कामावर पाठवू नये. ‘लेकराशी खेळायला नेतो, शाळेतही घालू’ म्हणणारे पाहुणे शाळेचा दाखला घेऊन जात नाहीत, एवढं पाहिलं तरी कळतं. बाया नेणाऱ्या एजंटाचं नाव, पत्ता आणि फोन ग्रामपंचायतीच्या वहीत लिहिल्याशिवाय त्यानं कोणाला नेऊ नये. आपल्या सीमेला लागून असलेल्या छत्तीसगडनं २०१३ सालीच अशा एजन्सींवर कायदा केला, कारण तिथल्या मुली दिल्लीला नेल्या जात होत्या आणि परत येत नव्हत्या. आपण वही तरी ठेवू.

“कामठ्याच्या ठरावाला नागपुरात कोण विचारतो?” असं काही सदस्य विचारतील. कायद्यानं कोणी नाही. रोवणीच्या दराला तरी कायद्यानं कोण विचारतो? तो टिकतो, कारण शेतकऱ्याला पहिल्या दारात जो भाव ऐकू येतो तोच दहाव्या दारात ऐकू येतो. गोंदियाच्या, नागपूरच्या घरांना कामठ्याची बाई हवी असते, कारण आधीची कोणीतरी चांगली निघालेली असते. तीच आपली बाजू आहे. कामठ्यासोबत आजूबाजूच्या गावांनीही हेच ठरवलं तर दर पक्का होईल, पण कोणीतरी आधी ठरवायला हवं. कामठा ही एकेकाळची जमीनदारी. तिथे चाकरीला भाव नसायचा. ती १९५१ साली कायद्यानं संपली. जमीनदारी संपल्यावर जन्मलेल्या नाती आज बिनभावाच्या कामाला जात असतील, तर ते या ग्रामसभेला शोभत नाही.

दर काय असावा याचा माझा आकडा वर दिला आहे. तो मान्य नसेल तर तुमचा मांडा, पण तासावर मांडा, ‘महिन्याला इतके’ असा नको. महिना म्हटला की तासांचा हिशेब बुडतो.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. ती दर वेळी कागदोपत्री होते आणि सह्या घरोघरी फिरून घेतल्या जातात, हे आपण सगळे जाणतो. या वेळी ती खरोखर घ्या, संध्याकाळी घ्या, आणि बाहेर काम करून परतलेल्या बायांना बोलावून घ्या, त्या बोलतील. १ मेला कामगार दिन असतो, महाराष्ट्र दिन असतो, आणि १९९९ साली आपला गोंदिया जिल्हा झाला तोही त्याच तारखेला. त्या दिवशीच्या ग्रामसभेत हा ठराव यावा. सूचक म्हणून माझं नाव लिहा. अनुमोदक म्हणून एखाद्या पुरुष सदस्यानं पुढं यावं, अशी विनंती आहे.

आपली,
कामठ्याची एक मतदार